काना, मात्रा आणि उमलाउट

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा चोविसावा खंड १८८६ साली प्रसिद्ध झाला. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या या मालेतला हा खंड कोल्हापूर संस्थानाचा. शीर्षकपानावर कोल्हापूरचे नाव रोमन लिपीत आहे आणि 'एच'नंतरच्या 'ए' या अक्षराच्या डोक्यावर एक छोटी तिरपी रेघ दिलेली आहे. ही रेघ शोभेची नाही. येथे 'ह' नसून 'हा' आहे, असे ती सांगते. रोमन लिपीत दीर्घ 'आ'साठी वेगळे अक्षर नाही. ती उणीव या रेघेने भरून काढली होती. पन्हाळ्याच्या नावावरही अशीच रेघ आहे. मात्र पन्हाळ्यातल्या 'ळ'साठी त्या पद्धतीत काहीच सोय नव्हती. तेथे साधा 'एल' आहे, आणि तो वाचून परमुलखातला माणूस 'पन्हाला' म्हणाला तर त्याला दोष देता येणार नाही.

अशा जुन्या खंडांची छायाचित्रे घेऊन त्यांतला मजकूर संगणकाकडून 'वाचून' घेतला जातो, तेव्हा या रेघेची खरी परीक्षा होते. ज्या प्रणालीला ही खूण शिकवलेली नाही, ती रेघवाल्या 'ए'ला 'डी' समजते. पानावर अक्षर शाबूत आहे, आपल्याला ते दिसते आहे. पण शोधायला गेले की कोल्हापूर सापडत नाही. अक्षर दिसणे आणि अक्षर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मराठी मजकुराच्या बाबतीत गेली तीसपस्तीस वर्षे आपण पहिल्यालाच दुसरे समजत आलो आहोत.

पुस्तकांची परीक्षणे आपण नेहमी वाचतो. येथे मात्र एका तक्त्याचे परीक्षण करायचे आहे. युनिकोड या जागतिक वर्णसंकेतात देवनागरीसाठी राखून ठेवलेला हा १२८ घरांचा तक्ता. आज आपण संगणकावर किंवा मोबाइलवर जे काही मराठी लिहितो ते या घरांमधून येते. एखाद्या पाठ्यपुस्तकातली चूक पुढच्या आवृत्तीत सुधारता येते. या तक्त्यात एकदा दिलेले घर बदलायचे नाही, असा नियमच आहे. त्यामुळे त्याचे गुणदोष शिक्षकांना माहीत असायला हवेत. पण तक्त्याकडे जाण्याआधी, तो नव्हता तेव्हा आपण काय करत होतो ते पाहिले पाहिजे.

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर समजायचे याचा करार म्हणजे वर्णसंकेत. १९६३ सालच्या 'आस्की' या अमेरिकन करारात १२८ आकडे होते आणि त्यांत इंग्रजीचे भागत होते. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश लोकांचे भागेना. त्यांच्या अक्षरांवर रेघा, टोप्या, ठिपके असतात. मग एक बिट वाढवून २५६ आकडे घेतले आणि वरच्या अर्ध्या भागात ही सालंकृत अक्षरे बसवली. १९८७ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकात ही व्यवस्था पक्की झाली. तेथे गॅझेटियरमधल्या रेघवाल्या 'ए'ला २२५ हा क्रमांक मिळाला. जर्मन 'ओ'च्या डोक्यावर दोन ठिपके असतात, त्याला उमलाउट म्हणतात. तो २१४ वर बसला. देवनागरीला या २५६ घरांत जागा नव्हती.

त्याच सुमारास आपल्याकडे छापखान्यांतून खिळे जुळवण्याचे काम बंद पडत होते आणि डीटीपी येत होते. मराठी तर छापायला हवे. आणि यंत्राला ठाऊक इंग्रजी व युरोपीय अक्षरे. त्यावर काढलेली युक्ती हुशारीची होती. आकडा तोच ठेवायचा, करार तोच ठेवायचा, फक्त त्या आकड्याला दिसणारे चित्र बदलायचे. उमलाउटवाल्या 'ओ'च्या जागी काना काढून ठेवायचा. पुण्याच्या सी-डॅकच्या 'योगेश' या फाँटात हेच केलेले आहे. त्यात लिहिलेला 'मराठी' हा शब्द फाँट काढून पाहिला, तर तो आठ चिन्हांचा निघतो. पहिले चिन्ह म्हणजे सुटी तिरपी रेघ, जी १८८६ साली कोल्हापूरच्या डोक्यावर होती तीच! येथे ती अर्धा 'म' झाली आहे. पुढचा उमलाउटवाला 'ओ' म्हणजे त्या 'म'चा काना, आणि दोन्ही मिळून पूर्ण 'म'. मग फ्रेंचमध्ये 'सी'खाली लोंबणारा आकडा, तो 'र'. त्याच्या मागे ठिपकेवाला 'यू', जो 'र', 'ठ', 'ट', 'ड' यांसारख्या काना नसलेल्या अक्षरांची मागची बाजू पुरी करतो. पुन्हा उमलाउटवाला 'ओ', म्हणजे 'रा'चा काना. मग डोक्यावर उलटी टोपी असलेला 'एस' आणि पुन्हा तो 'यू', मिळून 'ठ'. शेवटी जर्मनमधला दुहेरी 'एस', ती दुसरी वेलांटी.

खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला हे ऐकून नवल वाटणार नाही. केसमधून अर्धे अक्षर उचलायचे, शेजारी काना लावायचा, हे त्याच्या हातात बसलेलेच होते. या फाँटांनी शिशाच्या खिळ्याचे तर्कशास्त्र जसेच्या तसे संगणकात आणले. खिळ्याला अर्थ नसतो, आकार असतो. छापून झाले की फर्मा सोडायचा आणि खिळे परत केसमध्ये. पण संगणकातला मजकूर छापून झाल्यावरही शिल्लक राहतो आणि त्याचा पुढे वेगळा उपयोग असतो, ही गोष्ट त्या घाईत बाजूला पडली.

यावर एक बाजू न्यायाने मांडली पाहिजे. त्या काळात हे फाँट नसते, तर मराठी नियतकालिके, क्रमिक पुस्तके, विज्ञानपत्रिका निघाल्या नसत्या किंवा फार महाग पडल्या असत्या. अनेक फाँटांची वळणे देखणी होती. काही अजूनही युनिकोड फाँटांपेक्षा सरस वाटतात. दोष वळणात नव्हता. प्रत्येक कारखान्याने आपापला वेगळा करार केला, हा दोष होता. श्रीलिपीची घरे वेगळी, आकृतीची वेगळी. कृतिदेव तर टंकलेखन यंत्राच्या कळफलकावर बेतलेला. त्यात 'मराठी' हा शब्द म्हणजे ई, जे, के, मोठा बी आणि एच. योगेशमधला 'मराठी' आणि कृतिदेवमधला 'मराठी' यांच्यात एकही आकडा समान नाही. संगणकाच्या दृष्टीने ते दोन परके शब्द आहेत.

या व्यवस्थेत बिघाड कसे होत, याचे दोन नमुने देतो. उलट्या टोपीचा 'एस' विंडोजच्या संकेतात १५४ व्या घरात आहे, पण १९८७ च्या आंतरराष्ट्रीय मानकात त्या घरी अक्षरच नाही. त्यामुळे योगेशमधली फाइल एका यंत्रणेतून दुसरीत जाताना बाकी मजकूर धड राहून नेमके 'ठ' गळू शकत होते. दुसरा नमुना कृतिदेवचा. त्यात अर्धा 'ष' हा सरळ दुहेरी अवतरणचिन्हाच्या आणि अर्धा 'श' हा सरळ एकेरी अवतरणचिन्हाच्या घरात आहे. लेखनाच्या प्रोग्रॅमला वाटते की लिहिणाऱ्याने इंग्रजी अवतरण दिले आहे; तो मदतीला धावतो आणि सरळ चिन्ह वळणदार करून टाकतो. झाले, 'विषय' आणि 'शिक्षक' दोघेही बिघडले. ज्यांनी चाचणीच्या प्रश्नपत्रिका अशा फाँटांत तयार केल्या आहेत, त्यांना हा अनुभव नवा नसेल. प्रुफे तीनदा तपासूनही चूक परत का येते, ते कळत नसे. चूक लिहिणाऱ्याची नव्हती आणि यंत्राचीही नव्हती. यंत्र इंग्रजी समजून इंग्रजी सुधारत होते.

याच काळात एक चांगला पर्याय हाताशी होता, ही यातली खरी खंत. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली 'इस्की' हा वर्णसंकेत मान्य केला. त्यात चित्राला नव्हे, वर्णाला आकडा होता. अर्धा 'म' वेगळा साठवायचा नाही. 'म' आणि हलन्त साठवायचा, आणि तो पुढच्या अक्षराला जोडून कसा दिसेल हे प्रोग्रॅमने ठरवायचे. शिवाय सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आराखडा, कारण सगळ्यांचा वर्णक्रम मुळात एकच. पहिलीचा मुलगा 'क' ला काना 'का' म्हणतो, ते व्याकरण या संकेतात उतरले होते. ध्वनीवरून लिपीकडे जाणारी इतकी नेटकी मांडणी त्या काळी इतर फारशा लिप्यांना लाभलेली नव्हती. सी-डॅकने जिस्ट तंत्राने तो वापरूनही दाखवला. पण छपाईच्या बाजारात वर्णाचा संकेत मागे राहिला आणि चित्राचा पुढे गेला. त्याच सी-डॅकने फाँटमधल्या चित्रांसाठी 'इस्फॉक' नावाचा वेगळा संकेतही केला होता. फायली साठवल्या गेल्या त्या चित्रांच्या. गिऱ्हाइकाला छापील पान हवे होते, आणि पान तर छान येत होते.

हॉलंडच्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ साली केलेले काम येथे आठवते. गणितातली समीकरणे सुबक जुळवण्यासाठी डोनाल्ड क्नूथ यांनी 'टेक' ही प्रणाली रचली होती. तिच्यात देवनागरी जुळवता यावी म्हणून वेल्थुइस यांनी फाँट आणि पूर्वप्रक्रिया करणारा प्रोग्रॅम असे दोन्ही तयार केले. लिहायचे साध्या रोमन अक्षरांत: दीर्घ 'आ'साठी दोनदा 'ए', 'ट'साठी 'टी'च्या आधी टिंब. मूळ फाइल डोळ्यांना अजिबात सुखावत नाही. पण तिच्यात साठवलेला असतो तो वर्ण, आणि तोही कुठल्याही यंत्रावर टिकणाऱ्या १२८ चिन्हांत. म्हणून त्या काळातली अशी फाइल आजही नीट वाचता येते, तर त्याच वर्षी देखण्या फाँटात जुळवलेले पुस्तक आज उघडले तर जर्मन-फ्रेंचची खिचडी दिसते. पुढे २००४ साली जोनाथन क्यू यांनी 'झीटेक' आणले आणि थेट युनिकोडमध्ये लिहून समीकरणांसह मराठी जुळवणे शक्य झाले. विज्ञानाच्या शिक्षकांनी याकडे अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे माझे मत आहे.

आता तक्त्याकडे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिने देवनागरीचा आराखडा इस्कीच्या १९८८ च्या रूपावरून घेतला. म्हणजे पाया चांगला मिळाला. प्रत्येक वर्णाला जगात एकच घर, फाँट कोणताही असो. 'कोल्हापूर' लिहिले की क, ओकाराची मात्रा, ल, हलन्त, ह, काना, प, दुसरा उकार आणि र अशी नऊ घरे भरतात. ती पुण्यात, पणजीत आणि न्यू जर्सीत तीच असतात. या एका गोष्टीसाठी तक्त्याचे सगळे दोष पोटात घालायला हरकत नाही. पण घालण्यापूर्वी ते सांगितले पाहिजेत, कारण ते मुख्यतः मराठीच्या वाट्याला आले आहेत.

पहिला दोष 'र'चा. मराठीत 'र'चे दोन अर्धे आहेत. आचार्यांना वाढले आणि आचाऱ्यांना वाढले, यांत जेवणारे वेगळे आहेत. 'दर्या' एक, 'दऱ्या' अनेक. वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा हे शब्द त्या आडव्या 'र'शिवाय लिहिताच येत नाहीत. हिंदीला त्याची गरज नाही आणि तक्ता प्रामुख्याने हिंदीकडे पाहून आखलेला. मग हा अर्धा 'र' कसा साठवायचा? जुन्या आवृत्तीने सांगितले की साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह द्या. नंतर असे ठरले की तक्त्यात नुक्तावाला 'र' आहे, तो आणि हलन्त घ्या. हे नुक्त्याचे घर मुळात द्राविडी भाषांमधला एक उच्चार दाखवण्यासाठी होते. आपला मराठी अर्धा 'र' तेथे पाहुणा म्हणून राहतो. जुनी रीतही सुसंगततेसाठी चालू ठेवली. परिणाम असा की 'आचाऱ्यांना' हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो, कागदावर दोन्ही सारखे दिसतात, आणि नियमाप्रमाणे ते परस्परांना समान नाहीत. एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेला शब्द सहसा सापडत नाही.

युरोपीय अक्षरांनाही हाच रोग आहे. रेघवाला 'ए' एका आकड्याने लिहिता येतो किंवा साधा 'ए' आणि सुटी रेघ अशा दोन आकड्यांनीही. फरक इतकाच, की त्या दोन रूपांना युनिकोडने अधिकृतपणे समान मानले आहे आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर करण्याचा नियम दिला आहे. नुक्तावाल्या 'र'लाही तो नियम आहे; तो एकसंध लिहा किंवा 'र' आणि नुक्ता असा लिहा, समान. पण जोडचिन्हाच्या रीतीला तो नियम लागू होत नाही. मराठीची बाजू तेव्हा कोणी पुरेशा जोराने मांडली नाही, असे म्हणावे लागते.

दुसरा दोष विज्ञानशिक्षकांच्या रोजच्या कामातला आहे. 'ॲसिड' हा शब्द घ्या. अर्धचंद्र डोक्यावर घेतलेला 'अ' मराठीत सर्रास वापरला जातो. तक्त्यात सुरुवातीला तो नव्हताच! अर्धचंद्रवाला 'ए' होता, हिंदीच्या सोयीचा. स्वतंत्र 'ॲ' आला तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत मराठी माणसाने आपापली वाट काढली होती. कोणी 'ए'च्या अर्धचंद्राने 'ऍसिड' लिहिले, कोणी 'अ' लिहून त्यावर सुटा अर्धचंद्र चढवला. आज तिन्ही रूपे चलनात आहेत. 'अ'वर बेतलेली दोन बहुतेक फाँटांत हुबेहूब सारखी दिसतात, आणि 'अ' अधिक अर्धचंद्र म्हणजेच 'ॲ' असे युनिकोड मानत नाही. ॲल्युमिनियम, ॲनोड, ॲमिबा, ॲमिनो आम्ले: शालेय विज्ञानातल्या संज्ञांचा एक मोठा गट या फटीत पडला आहे. एखाद्या विद्यार्थ्याने 'ॲसिड' शोधले आणि काही सापडले नाही, तर मराठीत त्यावर कोणी लिहिलेलेच नाही, असे त्याला वाटते.

राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने देवनागरी वर्णमाला प्रमाणित केली, त्यात 'ॲ' आणि 'ऑ' यांना स्थान दिले. ते योग्यच झाले. त्याच निर्णयात 'ल' आणि 'श' यांच्या मराठी वळणांचा, म्हणजे पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' यांचा आग्रह होता. २०२२ साली वर्णमालेचा निर्णय पुन्हा अद्ययावत झाला. वर्ण कोणते आणि त्यांचा आकार कसा, हे दोन प्रश्न अशा निर्णयांत एकत्र येतात, आणि संगणकाच्या दृष्टीने ते वेगळे ठेवणे आवश्यक आहे. मराठी 'ल' आणि हिंदी 'ल' यांचे घर तक्त्यात एकच आहे, आणि ते तसेच असायला हवे. आकार फाँटने द्यायचा. विंडोजबरोबर येणारा 'मंगल' हा फाँट र. कृ. जोशी यांच्यासारख्या मराठी अक्षरतज्ज्ञाने घडवलेला. तरी त्यात हिंदी वळण दिसते, कारण तो अखिल भारतीय वापरासाठी होता. मजकूर मराठी आहे असे प्रोग्रॅमला सांगितले, तर काही आधुनिक फाँट आपोआप मराठी वळण देतात. तेव्हा 'कोल्हापूर'मधला 'ल' दंडाचा दिसला म्हणून युनिकोडला बोल लावणे बरोबर नाही. तो फाँटचा प्रश्न आहे. 'ॲ'चा प्रश्न मात्र तक्त्याचाच होता.

वर्णक्रमाबद्दलची तक्रारही अशीच तपासून घ्यावी लागते. हजेरीपट घरांच्या क्रमाने लावला, तर काळे आधी येतो आणि कासार नंतर, कारण तक्त्यात 'ळ' हा 'ल'च्या शेजारी बसला आहे. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'च्या नंतर. क्षितिजा ही कौस्तुभ आणि खंडेराव यांच्या मध्ये जाते. यात तक्त्याचा दोष नाही. घरांचा क्रम म्हणजे वर्णक्रम नव्हे; प्रत्येक भाषेसाठी क्रम लावण्याचे नियम वेगळे लिहून ठेवायचे असतात, आणि मराठीचे तसे लिहिलेले आहेत. प्रोग्रॅम ते वापरतो की नाही, एवढेच पाहायचे.

तक्त्यातून मजकूर नीट बाहेर पडला तरी शेवटचा एक अडथळा राहतो, तो म्हणजे पीडीएफ. पीडीएफ हा मुळात छापील पानाचा नकाशा. कोणते चित्र पानावर कुठे बसवायचे, हे त्यात असते. ते चित्र कोणत्या वर्णांचे, याची नोंद वेगळी करावी लागते आणि ती पुष्कळदा अर्धवट केलेली असते. 'शिवाजी' लिहिताना आपण 'श' आधी आणि वेलांटी नंतर साठवतो. पानावर पहिली वेलांटी 'श'च्या डावीकडे येते. नोंद नीट नसेल तर मजकूर उचलताना वेलांटी आधी येते आणि शब्द मोडतो. जोडाक्षरांची अवस्था याहून वाईट. त्यामुळे युनिकोडमध्ये लिहिलेले पुस्तकही पीडीएफ झाल्यावर मुके होऊ शकते.

मुके हा शब्द मुद्दाम वापरला. दृष्टिहीन विद्यार्थी संगणकावरचे पुस्तक वाचतात ते स्क्रीन-रीडरच्या मदतीने. तो प्रोग्रॅम चित्रे पाहत नाही, आकडे वाचतो. योगेश किंवा कृतिदेवमधला धडा त्याच्यापुढे ठेवला तर तो इमानाने ई, जे, के, बी, एच असे वाचू लागतो. डोळस वर्गासाठी जे पान उत्तम छापले आहे, ते या मुलासाठी पुस्तकच नाही. येथील एका संस्थेने तयार केलेला सरावसंच मी अशा एका मुलासाठी मागितला, तेव्हा फाइल तत्काळ मिळाली. फाँटही सोबत मिळाला. फाँट दिल्यावर काम भागायला हवे, अशी देणाऱ्याची प्रामाणिक समजूत होती. त्या मुलाला शेवटी वर्गमित्राने तो संच वाचून दाखवला.

आपल्या शाळेतल्या जुन्या फायलींचे निदान करणे अवघड नाही. मजकूर उचलून नोटपॅडसारख्या साध्या खिडकीत टाकावा. मराठीच दिसली तर उत्तम. रोमन 'ए'वर उलटी तिरपी रेघ असलेले अक्षर पुन्हा पुन्हा येत असेल आणि त्याच्यामागे चलनाचे किंवा जपानी येनचे चिन्ह दिसत असेल, तर घाबरू नये. तो अस्सल युनिकोड आहे. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली बसवलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो, 'कोल्हापूर' सत्तावीस. आणि पहिले दोन बाइट जवळजवळ तेच तेच असतात. कोणीतरी ते युरोपीय करारानुसार वाचते आहे, एवढेच. वाचण्याचा संकेत बदलला की मजकूर अक्षरशः जसाच्या तसा परत येतो. मात्र उमलाउटवाले 'ओ' आणि जर्मन दुहेरी 'एस' यांची गर्दी असेल, किंवा निव्वळ इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग असेल, तर तो जुना चित्रसंकेत. तेथे परिवर्तक लागतो, आणि कोणत्या फाँटचा मजकूर आहे हे त्याला सांगावे लागते. मूळ फाँटचे नाव हरवले असेल तर काम फार किचकट होते. म्हणून जुन्या फायली जपताना त्यांच्यासोबत फाँटचे नावही एका कागदावर लिहून ठेवावे.

परिवर्तन झाल्यावर सगळा मजकूर तपासायला वेळ नसतो. अशा वेळी चार ठिकाणी बोट ठेवावे. 'आचाऱ्यांना', 'दुसऱ्या', 'वऱ्हाड' यांतला अर्धा 'र' आडवाच राहिला आहे की रफार होऊन डोक्यावर चढला आहे, हे पहिले. 'ॲसिड' आणि 'ॲनोड' नव्या 'ॲ'ने लिहिले गेले आहेत की सुट्या अर्धचंद्राने, हे दुसरे. ते शोधाच्या खिडकीत स्वतः टंकून पाहिल्याशिवाय कळत नाही, डोळ्यांनी तर मुळीच नाही. 'विषय', 'शिक्षक' आणि 'पाठ' हे शब्द तिसरे. आणि चौथे म्हणजे समीकरणे: मराठी फाँटच्या मजकुरात मध्येच आलेला अंशाचा किंवा वजाबाकीचा खरा चिन्हसंकेत परिवर्तकाने मराठी अक्षर समजून बदलला, तर 'वजा पाच अंश सेल्सिअस' याचे काय होईल ते सांगता येत नाही. विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत ही तपासणी मी सर्वांत आधी करतो.